भामाबायची तपासणी

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडून तांदळाच्या भाकऱ्या नेणारे पनवेलचे हॉलवाले, केटरर आणि खारघरचे दोन कँटीनवाले तुम्हाला हे सांगतीलच, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. माझ्या शेडमध्ये चौदा बायका कामाला आहेत. आमच्या आगऱ्यांत लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त, आणि हळदीच्या जेवणात भाकरी हाताचीच लागते. मशीनची ताटात पडली तर नवऱ्या मुलाचा काका केटररला बाजूला घेऊन विचारतो, कुणाचं मयत आहे का इथे? त्यामुळे आमचा धंदा बरा चालतो.

तर, माझ्या नणंदेचा मुलगा निकेश. राहतो खारघरला, कंपन्यांचे कामगार कायद्याचे कागद सांभाळतो. एक दिवस लॅपटॉप काखेत मारून शेडवर आला आणि म्हणाला, "मामी, नवे कायदे लागू झालेत. तुझ्याकडे दहाच्या वर माणसं आहेत. प्रत्येकीला नेमणूकपत्र द्यावं लागेल. आणि चाळिशीच्या पुढे असेल तिची दरवर्षी आरोग्य तपासणी. फुकट. म्हणजे तुझ्या खर्चाने."

माझं डोकंच फिरलं. "यांच्या बाळंतपणाला लाडू कुणी केले? रंजिताच्या नवऱ्याला दवाखान्यात न्यायला टेम्पो कुणी काढला? आता दिल्लीतला माणूस मला सांगणार, बायकांकडे लक्ष दे म्हणून?"

"मामी, लाडू फाइलला लावता येत नाहीत," तो म्हणाला.

पोरगं हुशार आहे. मला गप्प करणारी माणसं या तालुक्यात फार नाहीत. मी चौदाही जणींची तपासणी ठरवून टाकली.

आता भामाबायबद्दल सांगायला हवं. भामाबाय एकसष्ट वर्षांची आहे, आणि शेडमधली सगळ्यात जुनी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शेजारच्या घरातली मोठी सून होती. भाकरी मला तिने शिकवली. माझी पहिली भाकरी हातात घेऊन तिने उलटसुलट केली आणि म्हणाली, "दमू, ही कुत्र्यालाबी सोसाची नाय गो." पुढे माझे यजमान गेले आणि मी दोन तवे मांडून धंदा सुरू केला, तेव्हा पहिल्या दिवशी पहाटे न बोलावता येऊन परातीपाशी बसली ती हीच. पगार काय देशील, हे तिने विचारलं नाही. मला सख्खी मोठी बहीण नाही, पण असती तरी मी तिच्यावर एवढा जीव लावला असता की नाही, शंका आहे. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. तिला ऊठसूट ओरडते मात्र.

तपासणीवाले दोन दिवस येणार होते, सोमवारी अर्ध्या बायका आणि गुरुवारी उरलेल्या. रक्त, वजन, छाती, डोळे. डोळे तपासायला आर्यन नावाचा एक चष्मेवाला तरुण होता. त्याच्याकडे आतून दिवा लागणारा एक डबा होता आणि डब्यावर अक्षरांऐवजी तीन दातांचे काटे काढलेले. वरचा मोठा, मग खाली खाली लहान होत गेलेले. काट्याचे दात कुठे वळलेत ते सांगायचं, वर, खाली, डावीकडे की उजवीकडे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही जमेल असं. सोमवारच्या सात जणी तपासून झाल्या आणि आर्यन डबा आमच्या पिठाच्या खोलीतच ठेवून गेला. गुरुवारी परत यायचंच होतं, उगाच कशाला वाहा.

सोमवारचे सगळे रिपोर्ट छान आले. विचारलं तर कुणालाच काही होत नाही, दुखत नाही, खुपत नाही. मी निकेशला फोन करून चांगलं सुनावलं, बघ म्हटलं, आमच्याकडे माणसं कशी ठेवतात ते.

मंगळवारपासून शेडमध्ये एक नवं गाणं सुरू झालं. आमच्या बायका थापताना गातातच, त्यात नवीन काही नाही. पण हे गाणं मला आवडलं.

"वरती गो, खालती गो, उजव्या अंगाला,
डावीला, वरती, परत डावीला, हलद लागते रंगाला..."

अशी बरीच कडवी होती, आणि प्रत्येक कडव्यात वरखाली, डावंउजवं बदलत जायचं. मला वाटलं नवरीला हळद लावतात त्याचं वर्णन आहे. रंजिता एक ओळ म्हणायची, भामाबाय मागून म्हणायची, आणि चुकली की रंजिता तिला पुन्हा म्हणायला लावायची. मी तर मोबाइलवर रेकॉर्ड करून आमच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलं. उलव्याच्या एका हॉलवाल्याने विचारलं, कुठल्या पार्टीचं गाणं आहे, बुकिंग मिळेल का. बुधवारी संध्याकाळी मीही चहा गाळताना ते गुणगुणत होते.

गुरुवारी भामाबायची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम पिठाच्या खोलीत जाऊन उभी राहिले. खोलीला खिडकी नाही. दार लोटलं, डब्याचा दिवा लागला. भामाबाय खुर्चीवर पदर सावरून बसली. आधी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्या डोळ्याने सुरुवात केली. वर, खाली, उजवीकडे. एक चूक नाही. शेवटच्या ओळीतले मुंगीएवढे काटेसुद्धा तिने धडाधड सांगून टाकले.

"मावशी, एकसष्टाव्या वर्षी ही नजर?" आर्यन म्हणाला. "माझी पण नाही अशी."

"आमचे भाकरीची ताकद हाय ती," मी म्हटलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता.

"आता डावा झाका."

तिने डावा डोळा झाकला आणि उजव्याने पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर आली आणि लाइट गेली. डबा विझला. खोलीत इतका अंधार की मला माझा हात दिसेना.

भामाबाय थांबली नाही.

"डावीला, वरती, परत डावीला," ती सांगत होती, "खालती, उजव्या अंगाला, वरती..." आणि अशी ती त्या काळोखात थेट शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

दाराबाहेर कुणीतरी जोरात खोकलं, मग आणखी कुणीतरी. आर्यन हळूच म्हणाला, "मावशी, लाइट गेलीय. मलाच काही दिसत नाहीये."

मी दार उघडलं. बाहेरच्या उजेडात भामाबाय खुर्चीवर तशीच बसलेली होती, डाव्या डोळ्यावर हात धरून. दार उघडल्याचंही त्या उजव्या डोळ्याला कळलं नव्हतं. तेव्हा मला समजलं, ते गाणं म्हणजे डब्यावरच्या काट्यांचं पाठांतर होतं.

घाबरले की मी ओरडते. त्या दिवशीही तेच केलं. चौदा जणींना एका रांगेत उभं केलं आणि तोंडाला येईल ते बोलले. "मना फसवता? पाच वर्सं, दहा वर्सं माझं मीठ खाता आनि माझेच शेडमध्ये शाला काढून बसता? कवापासून दिसत नाय तिला?"

भामाबाय जमिनीकडे बघत होती. शेवटी रंजिता पुढे आली. रंजिता उरणकडची, कोळ्यांची पोर, घाबरणं तिला ठाऊक नाही.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "म्हनून मी तिचे उजवे बाजूला बसतंय. तवा मी बघतंय, पीठ मी देतंय. थापते ती. तिचे भाकरीला कवा कोनी नाव ठेवला काय?"

ठेवलं नव्हतं. रंजिता कायम तिला खेटून बसते, ते मी दोन वर्षं बघत होते. मला वाटायचं, दोघींचं गूळपीठ आहे.

"पन मना सांगाचा ना!"

"तुला सांगतलं असता तर तू गणूदादाचा केलास तोच केला असतास."

मी काय केलं होतं गणूचं? गणू आमचा टेम्पो चालवायचा, नेऱ्यापासून उरणपर्यंतचा प्रत्येक हॉल त्याला पाठ होता. तीन वर्षांपूर्वी साखरेमुळे त्याच्या पायाची बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून लिहून दिलं. बरोबरच होतं ते. मग मी त्याचा सत्कार केला. मोठा केला. शाल, नारळ, हार, सगळ्यांना मटण. स्टेजवर मी त्याच्याबद्दल चांगलं बोलले, बोलताना रडले. माझ्या मते मी एका माणसाला राजासारखा निरोप दिला होता.

"दुसरे दिवशी सकाली तो परत आलेला," भामाबाय पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी खालचा. "तू बँकेत गेलेलीस. त्याला वाटला टेम्पो नाय तर दुसरा काय काम देशील. फोनवर बसवशील, माल मोजाला ठेवशील. गेटला उभा रायला, नवा पोरगा टेम्पो काढून गेला तो बघतला आनि चालत घरी गेला. आमी कोनी तुला सांगतलं नाय. तू इतकी खूश व्हतीस."

मला राग येत होता, पण कुणाचा ते कळेना. दुसरं काम देता आलं असतं, हे मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. ज्या माणसावर मी माया करते असं मला वाटत होतं, त्याला काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. ती मी लपवली नाही, लपली नसतीच.

शुक्रवारी मी भामाबायला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिक्षात माझा हात तिने घट्ट धरून ठेवला होता, आणि तिच्या तळव्याची ती भाजून भाजून झालेली राठ कातडी मला जाणवत होती. डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. काचबिंदू. उजवा डोळा गेला होता, तो आता परत येणार नव्हता. डावाही निम्मा गेला होता. पण रोज वेळेवर थेंब घातले तर जेवढं दिसतंय तेवढं टिकेल, म्हणाल्या.

मी त्यांना गाण्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. "अजून एक वर्ष गात बसला असतात तर डावाही गेला असता," एवढंच म्हणाल्या.

भामाबायने एकच प्रश्न विचारला. "भाकरी थापता येल ना?"

"थापता येईल. पण जाळाजवळ एकट्याने नाही. उजवीकडून काय येतंय ते तुम्हाला दिसणार नाही."

बाहेर आलो. "भामाबाय, आता बस झाला, घरी आराम कर, पगाराचा मी बघतंय," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. किती प्रेमाने बोलले असते मी ते! तिने माझ्याकडे मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्याने बघितलं. फासावर चढवायच्या आधी माणूस बघत असेल तसं. मी ते वाक्य गिळलं.

"सोमवारी टाइमावर ये," मी म्हटलं. "उशीर केलास तर बघ."

ती रस्त्यातच रडायला लागली. मग मीही. रिक्षावाल्याला वाटलं, आत कुणीतरी गेलं, त्याने मीटर न टाकताच सोडलं आम्हाला.

रविवारी मी नेऱ्याला गणूकडे गेले. अंगणात खाटेवर बसला होता. मी माफी मागितली. मला ती नीट मागता येत नाही, सवय नाही. तो म्हणाला, "ती शाल पेटीत हाय. थंडी वाजली तरी काढली नाय कवा." मी म्हटलं, गाड्या कुठे कधी जातात ते सांभाळायला मला माणूस हवाय, बसून करायचं काम आहे, नेमणूकपत्र देते. विचार करून सांगतो म्हणाला. चार दिवस लावले त्याने. लावू देत, मी तीन वर्षं लावली होती. शुक्रवारपासून तो येणार आहे.

मग पत्रांचं काम. निकेशने सगळ्यांची पत्रं छापून आणली होती. मी म्हटलं, भामाबायच्या पत्रात एक ओळ वाढव. "तपासणीत काहीही निघालं तरी त्या कारणाने यांना कामावरून काढता येणार नाही. काम बदलायचं झालं तर यांना विचारून बदलायचं."

"मामी, अशी ओळ कुणी टाकत नाही," निकेश म्हणाला.

"कायदा नको म्हणतो का?"

"नको नाही म्हणत. कायदा कमीत कमी किती ते सांगतो. जास्त दिलंस तर तुला कोण अडवणार? आणि तसंही तपासणी त्यांच्यासाठी आहे, मामी. तुला चाळणी म्हणून नाही दिलेली."

हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! पण पहिल्या दिवशी मी त्याला बोलू दिलं होतं कुठे? शेवटी ती ओळ मी चौदाही पत्रांत टाकायला लावली.

मी पत्र भामाबायच्या हातात दिलं. रंजिताने तिला वाचून दाखवलं. भामाबायने मान हलवली. "तू नको. तुमी सगल्या एकाच तालात बोलता, मना माहीत हाय तुमचं. भाएरचा मानूस पायजे."

आणि उठून गेली पत्र घेऊन. आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घेतलं. मग रिक्षास्टँडवर एका अनोळखी रिक्षावाल्याकडून. मग खारघरहून कुणाला तरी भेटायला आलेल्या कॉलेजच्या एका मुलीला थांबवलं, चारुता तिचं नाव, तेही विचारून आली. तिघांनीही एकच वाचलं. मग परत येऊन माझ्यासमोर सही केली, डावीकडे मान कलती करून, एकेक अक्षर.

"बराबर हाय," म्हणाली. "आता त्या काट्यावाल्याला बोलव. माझा लिवलेला खोटा हाय, तो तसा नाय ठेवाचा."

गुरुवारी आर्यन पुन्हा आला. या वेळी त्याने डब्यावर दुसरेच काटे लावले होते, शहाणा झाला होता. तवे तसेच सोडून सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी हाकललं नाही.

"उजव्या डोळ्याने काय दिसतं, मावशी?"

"काय नाय."

"उजेड?"

"तोपन नाय."

मग डावा. पहिली ओळ सांगितली. दुसरी जरा थांबून. तिसऱ्या ओळीवर ती अडली. दारात रंजिताचे ओठ हलले, पण सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

"नाय दिसत," भामाबाय म्हणाली. मोठ्याने, पीठ संपल्यावर हाक मारते तशी. "त्याचे खालची नाय दिसत. त्याचे खालचीपन नाय. लिव."

आर्यनने लिहिलं. ती उठली, माझा दंड धरून दोन पावलं चालली आणि स्वतःच्या जागी जाऊन बसली.

खुर्ची रिकामी झाली आणि रंजिता येऊन तिच्यावर बसली. तिची तपासणी सोमवारीच झालेली, सगळं उत्तम म्हणून.

"माझा परत लिव," ती आर्यनला म्हणाली. "मना धुरानी धाप लागते. जिना चढला का छाती भरून येते. वरीस झाला." हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या पत्राकडे बघत होती.

तिच्या मागे आणखी पाच जणी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या हातात पत्रं. मी तव्यांखालचे जाळ विझवले आणि आर्यनला म्हटलं, अजून फॉर्म काढ.